मुरगावच्या मार्गावरील बॉक्सएन वाघीण एचओ प्रमाणात घडवताना

कुडचडे येथे राहणाऱ्या आणि प्रतिकृतींचा छंद जोपासणाऱ्या एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा आहे. परदेशी असलेल्या भावाने त्यांना एचओ (म्हणजे १:८७) प्रमाणातील सहा आसांचे अमेरिकी डिझेल इंजिन पाठवले आहे. त्याला डब्ल्यूडीएम-२ या भारतीय डिझेल इंजिनाचे रूप द्यावे आणि सावर्डे स्थानकातून जाणाऱ्या खनिजाच्या गाडीत असतात तशा दहा बॉक्सएन वाघिणी (उंच बाजूंचे उघडे मालडबे) स्टायरीन या प्लास्टिकच्या शीटपासून स्वतः बनवाव्यात, अशी त्यांची इच्छा आहे. एचओचे रूळ आपल्या ब्रॉड गेजसाठी अरुंद पडत असल्यामुळे सगळेच खोटे दिसेल काय, बारीक तपशिलांची सुरुवात कोठून करावी आणि पावसाळ्यात रंग का बिघडतो, हे त्यांचे तीन मुद्दे आहेत.

या तिन्ही मुद्द्यांच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो आणि तो शीट कापण्यापूर्वीच घेतलेला बरा: आपण कोणत्या सालची गाडी बनवणार आहोत? मुरगाव ते कॅसलरॉक हा मार्ग १८८० च्या दशकात वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज गॅरंटीड रेल्वेने मीटर गेजवर बांधला आणि १९९० च्या दशकात त्याचे ब्रॉड गेजमध्ये रूपांतर झाले. म्हणजे बॉक्सएन वाघीण या घाटात आली ती त्यानंतरच. २००३ मध्ये दक्षिण पश्चिम रेल्वे स्थापन होईपर्यंत हा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेकडे होता. पुढे कुळे ते कॅसलरॉक या १:३७ चढाच्या घाटात जड मालगाड्यांना पुढून आणि मागून हुबळीची डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिने लागलेली दिसू लागली. त्यामुळे डब्ल्यूडीएम-२ हवेच असेल, तर गाडी १९९० च्या दशकाच्या अखेरची ठरवावी आणि वाघिणींवरील अक्षरेही त्या काळाची घ्यावीत. दक्षिण पश्चिम रेल्वेचे ११ अंकी क्रमांक हवे असतील, तर इंजिनाचा पुन्हा विचार करावा. हे ठरले नाही तर पुढची सगळी मेहनत आपापसांत विसंगत अशा तपशिलांवर खर्च होते, आणि तो खर्च नंतर भरून निघत नाही.

आता गेजचा प्रश्न. ब्रॉड गेजच्या रुळांतील अंतर १६७६ मिमी आहे. १:८७ प्रमाणात ते १९.२६ मिमी होते, तर बाजारात मिळणाऱ्या एचओ रुळांचे अंतर १६.५ मिमी असते. फरक पावणेतीन मिलिमीटरांचा, म्हणजे सुमारे १४ टक्क्यांचा आहे. स्वतः रूळ टाकून १९.२६ मिमीवर काम करणे शक्य आहे, परंतु मग प्रत्येक सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा) आणि इंजिनाचा प्रत्येक आस बदलावा लागतो, आणि नवख्या माणसाने तो मार्ग धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. (ज्याला गेजची अचूकता सर्वांत प्रिय आहे, त्याने गोव्याच्या जुन्या मीटर गेजकडे वळावे. १२ मिमी रूळ १:८७ प्रमाणात १०४४ मिमी भरतात, म्हणजे मीटर गेजच्या अगदी जवळ जातात, आणि वायडीएम-४ या इंजिनाची ९६५ मिमी व्यासाची चाके ११.१ मिमीची होतात.) १६.५ मिमीच्या रुळांवर ब्रॉड गेजची वाघीण खरी दिसू शकते. त्यासाठी रुंदीतील ही तूट नजरेस कोठे पडते आणि कोठे पडत नाही, हे ओळखावे लागते.

मालगाडी आपण जवळजवळ नेहमी बाजूने पाहतो. बाजूने पाहताना रुळांतील अंतर दिसत नाही. दिसते ती बोगीची (डब्याखालच्या, चाकांच्या जोड्या पेलणाऱ्या गाड्याची) बाजूची चौकट, तिच्यातील चाकांचा व्यास आणि वाघिणीच्या तळाची रुळांपासूनची उंची. म्हणून बोगीच्या बाजूच्या चौकटी ब्रॉड गेजच्या खऱ्या अंतरावरच ठेवाव्यात आणि चाके तेवढी आत, १६.५ मिमीच्या रुळांवर चालू द्यावीत. चौकट आणि चाक यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना सुमारे १.४ मिमी जादा फट राहते. ती चौकटीच्या सावलीत लपते. यासाठी आसांचे टोकदार शेवट पेलणारी एक साधी आतली बोगी करावी आणि दिसणाऱ्या चौकटी तिच्या बाहेरून चिकटवाव्यात. भार आतली बोगी वाहते, बाहेरची चौकट केवळ रूपासाठी असते.

बॉक्सएनची मापे अशी: दोन हेडस्टॉकमधील (टोकांच्या आडव्या तुळयांमधील) लांबी ९७८४ मिमी, कपलरसह (डबे जोडणाऱ्या आकड्यांसह) १०७१३ मिमी, रुळांपासून उंची ३२२५ मिमी, बोगींच्या केंद्रांतील अंतर ६५२४ मिमी, एका बोगीतील दोन आसांमधील अंतर २००० मिमी आणि चाकाचा व्यास १००० मिमी. एचओमध्ये हीच मापे अनुक्रमे ११२.५, १२३.१, ३७.१, ७५, २३ आणि ११.५ मिमी होतात. यांपैकी शेवटची दोन सर्वांत महत्त्वाची आहेत आणि नेमकी तीच बहुतेक जण सोडून देतात. बॉक्सएनची कॅसनब बोगी आणि अमेरिकी मालगाड्यांची तीन भागांची बोगी एकाच कुळातील असल्यामुळे तयार अमेरिकी बोगी लावून मोकळे होण्याचा मोह होतो. पण तेथील शंभर टनी बोगीतील आसांचे अंतर ५ फूट १० इंच, म्हणजे एचओत सुमारे २०.४ मिमी असते. अडीच मिलिमीटरांनी आखूड बोगी वाघिणीखाली लावली, की वरचा डबा कितीही अचूक असला तरी वाघीण परदेशी वाटू लागते. चाकांसाठी युरोपीय मापाची ११ मिमी चाके घ्यावीत, अमेरिकी ३३ इंची चाके ९.६ मिमीचीच असतात. चाकांच्या आतल्या कडांमधील अंतर सुमारे १४.४ मिमी आहे का, हे प्रत्येक जोडीवर व्हर्नियर कॅलिपरने तपासावे. वाघीण सांध्यावर रुळांवरून घसरते त्याचे कारण बहुधा येथेच सापडते.

बाहेरची चौकट एकदाच मन लावून बनवावी: स्प्रिंगांचे झुपके, आसाच्या टोकावरील बेअरिंगची टोपी आणि तिच्यावरचे तीन बोल्ट यांसह. नंतर सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतून तिच्या प्रती काढाव्यात. दहा वाघिणींना चाळीस चौकटी लागतात. चाळीस चौकटी हाताने घडवायला गेल्यास शेवटच्या दहा पहिल्या दहांसारख्या येत नाहीत.

कपलरच्या उंचीचा विचार तळाचा सांगाडा करण्याआधीच व्हावा. भारतीय ब्रॉड गेजवर कपलरच्या मध्याची उंची रिकाम्या गाडीसाठी जास्तीत जास्त ११०५ मिमी आणि भरलेल्या गाडीसाठी कमीत कमी १०३० मिमी असते. एचओत ती १२.७ आणि ११.८ मिमी होते. एचओच्या प्रचलित कपलरची उंची मात्र ९.९ मिमी आहे. ही तडजोड करण्यासाठी अनेक जण संपूर्ण वाघीणच खाली बसवतात आणि तेथे तिचा डौल जातो. त्यापेक्षा सांगाडा खऱ्या उंचीवर ठेवावा. खनिजाची रेक (एकत्र जोडलेल्या वाघिणींची रांग) सहसा सुटी होत नसल्यामुळे मधल्या वाघिणी पितळी तारेच्या ताठ दांडीने खऱ्या उंचीवरच जोडाव्यात, आणि फक्त पहिल्या व शेवटच्या वाघिणीला, हेडस्टॉकच्या खाली पॅकिंग देऊन, प्रचलित कपलर लावावा. दोन हेडस्टॉकमधील खरे अंतर १०.७ मिमी येते, आणि ४५० मिमी त्रिज्येच्या वळणावरही वाघिणींचे कोपरे एकमेकांना लागत नाहीत. बॉक्सएनला बाजूचे बफर नसतात, त्यामुळे ही सोय तिला विशेष मानवते.

डब्यासाठी ०.५ मिमी स्टायरीन शीट पुरते. खऱ्या पत्र्याच्या मानाने ती फार जाड आहे, पण वाघिणीच्या वरच्या कडेला आडवी जाड पट्टी असल्यामुळे ती जाडी झाकली जाते. उभ्या पट्ट्यांची संख्या आणि त्यांमधील अंतरे आठवणीवर सोडू नयेत. आपल्या घराजवळ रेल्वे फाटक असेल, तर तेथे फाटकाबाहेर उभे राहून वाघिणीच्या अगदी समोरून छायाचित्र घ्यावे आणि ११२.५ मिमी लांबीत छापून त्यावरूनच पट्ट्या आखाव्यात. रुळांवर किंवा यार्डात शिरण्याची मुळीच गरज नाही.

वापरातील बॉक्सएनच्या बाजू सपाट राहत नाहीत. भार आतून रेटत राहतो, चढउतार करणाऱ्या यंत्रांचे दणके बसतात, आणि प्रत्येक दोन पट्ट्यांमधील पत्रा थोडा बाहेर फुगतो, तोही सगळीकडे सारखा नाही. हे दाखवण्यासाठी बाजू दोन थरांची करावी. बाहेरच्या ०.२५ मिमी शीटवर पट्ट्यांच्या जागा पेन्सिलीने आखाव्यात, शीट उलटी करून जाड रबराच्या तुकड्यावर ठेवावी आणि गोल टोकाच्या हत्याराने प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी हलका दाब देत फिरवावे. फुगवटा बोटाला जाणवला आणि नजरेला जेमतेम दिसला, की थांबावे. मग पट्ट्या लावून आतला थर जोडावा. दोन थरांमध्ये द्रावक कोंडला तर बाजू काही आठवड्यांनी वाकते, म्हणून आतल्या थराला बारीक छिद्रे ठेवावीत आणि द्रावक कमीत कमी वापरावा. डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकाची वाफ घातक असते. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून काम करण्याची आपल्याकडील सवय येथे मोडलीच पाहिजे.

हँडरेल, पायऱ्या आणि हातब्रेकचे चाक यांसाठी ०.३ मिमी पितळी तार घ्यावी. सुमारे २५ मिमी जाडीची खरी दांडी एचओत तेवढीच भरते. मडगावच्या वाद्यांच्या दुकानात गिटारची पोलादी तार सहज मिळते, ती सरळही असते आणि मापातही बसते. परंतु पोलाद आपल्या खाऱ्या, दमट हवेत रंगाखालूनही गंजते आणि ते डाग पुसले जात नाहीत. पितळच वापरावे. त्याला जोडताना भोक पाडून तार आत बसवावी, नुसती पृष्ठभागावर चिकटवलेली तार हाताळताना निघून येते.

वजनाबाबत अमेरिकेतील एनएमआरए या प्रतिकृती-रेल्वेच्या संस्थेची शिफारस भारतीय वाघिणींनाही चांगली लागू पडते: एचओ डब्यासाठी २८ ग्रॅम आणि लांबीच्या प्रत्येक इंचामागे आणखी १४ ग्रॅम. बॉक्सएनची लांबी साडेचार इंचांच्या जरा आत असल्याने सुमारे ९० ग्रॅम येतात. उघड्या वाघिणीत वजन लपवायला जागा कमी असते. १०० बाय ३० मिमी आकाराचा, १ मिमी जाडीचा शिशाचा पत्रा ३४ ग्रॅम भरतो. असे दोन पत्रे तळाला दिले की काम भागते, आणि भरलेल्या वाघिणीत ते मालाखाली सहज जातात. मासळीच्या जाळ्यांना लावतात त्या शिशाच्या गोळ्या आपल्याकडे स्वस्त मिळतात आणि त्या ठोकून चपट्या करता येतात. मात्र शिसे कधीही फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाने चिकटवू नये. त्या गोंदातील आम्लामुळे दमट हवेत शिशावर पांढरा क्षार धरतो, तो फुगतो आणि बंद पोकळीत असेल तर काही वर्षांत डबा उकलतो. इपॉक्सीने चिकटवावे, आणि शिसे हाताळल्यावर हात धुवावेत.

भार कसा दाखवावा, याबद्दल मला अधिक आग्रहाने सांगायचे आहे, कारण प्रदर्शनांतून दिसणाऱ्या बहुतेक खनिजवाहू वाघिणी येथे फसलेल्या असतात. बॉक्सएनची धारणाक्षमता सुमारे ५६ घनमीटर आणि भारक्षमता सुमारे ५८.८ टन आहे. लोहखनिजाच्या एका घनमीटराचे वजन दोन टनांहून बरेच अधिक असल्यामुळे ५८ टन खनिज वाघिणीचा निम्मा भागही भरत नाही. ते काठाच्या खूप खाली असते, आणि बरेचदा दोन बोगींच्या वर दोन ढिगारे व मध्ये खोलगट भाग असे दिसते. एचओत डब्याची आतली उंची २२.४ मिमी आहे, त्यात भाराची सरासरी उंची १० मिमीच्या आसपास ठेवावी. काठोकाठ भरलेली, वर शीग असलेली वाघीण कोळशाची असते. गोव्यात हे दोन्ही भार पाहायला मिळतात, कारण गोव्याचे स्वतःचे खनिज प्रामुख्याने ट्रकांनी आणि मांडवी-जुवारीतल्या बार्जेसमधून बंदरापर्यंत जात असे, तर रेल्वेने घाट उतरून येई ते बळ्ळारी-होस्पेट भागातील खनिज, आणि बंदरात उतरलेला आयात कोळसा वर कर्नाटकात जातो. आपण गाडी उतरणीची दाखवणार की चढाची, हे ठरले की भारही ठरतो.

खऱ्या खनिजाची चाळलेली भुकटी भारासाठी वापरता येते, आणि ती वापरणाऱ्यांना मी विरोध करणार नाही, पण आधी तिच्यावर कागदात गुंडाळलेले लोहचुंबक फिरवावे. जे कण कागदाला चिकटतात तेच पुढे इंजिनाच्या मोटरमध्ये जाऊन बसतात. ते काढून टाकावेत. उरलेली भुकटी स्पंजाच्या ठोकळ्यावर पसरून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओली करून, मग पातळ केलेला गोंद थेंबाथेंबाने सोडावा. ठोकळा वाघिणीत सुटा ठेवला की भार काढता-घालता येतो.

रंगाचे सांगायचे तर, जून ते सप्टेंबर या महिन्यांत लॅकर जातीचे रंग फवारूच नयेत. फवाऱ्यातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो, हवेतील बाष्प त्यावर बसते आणि रंगावर पांढरट झाक येते. ॲक्रिलिकवर ही झाक येत नाही, परंतु तो वाळायला फार वेळ लागतो आणि तोवर त्यावर धूळ व बोटांचे ठसे बसतात. पावसाळा बांधणीसाठी राखून ठेवावा आणि ऑक्टोबरनंतर कोरड्या दुपारी रंगकाम करावे. कंप्रेसरला पाणी अडवणारा फिल्टर मात्र वर्षभर हवाच. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्टायरीन विरघळवतो, त्यामुळे गॅरेजमधील नेहमीचे साहित्य जसेच्या तसे वापरू नये. वाघिणीचा मूळ रंग रेड ऑक्साईडसारखा असला, तरी प्रतिकृतीवर तो थोडा फिका करून लावावा, नाहीतर लहान आकारात तो काळपट दिसतो. वरून तळाकडे जाणारे ओघळ, बोगींवर करडी-तांबडी धूळ, आणि आतल्या बाजूंना कोळशाचा काळेपणा व खनिजाचा लालसरपणा एकावर एक चढलेला, हे सगळे पातळ थरांनी आणावे. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा नेहमी अधिक खराब असते.

ही मळकट झाक चढवण्याआधी अक्षरे लावावीत. घरगुती प्रिंटर पांढरा रंग छापत नाही, आणि वाघिणीवरची अक्षरे पांढरी असतात. उपाय दोन आहेत: पांढऱ्या शाईने किंवा टोनरने छापणाऱ्याकडून पारदर्शक डेकल कागदावर (पाण्यात भिजवून अक्षरे सरकवून चिकटवण्याच्या कागदावर) छापून घेणे, किंवा पांढऱ्या डेकल कागदावर अक्षरे कोरी ठेवून भोवतालचा तांबडा रंग छापणे आणि कडा वाघिणीच्या रंगाने मिटवणे. पहिला उपाय निःसंशय चांगला. डेकलखालचा रंग चकचकीत असावा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. मॅट वार्निश शेवटी.

११ अंकी क्रमांक लावणार असाल, तर तो मनाने रचू नये. पहिले दोन अंक वाघिणीचा प्रकार सांगतात, बॉक्सएनसाठी ते १० आहेत. पुढचे दोन मालक रेल्वेचे (दक्षिण पश्चिम रेल्वे १५), पुढचे दोन बांधणीच्या वर्षाचे, नंतर चार अंकी अनुक्रमांक, आणि शेवटी पडताळणीचा अंक. तो काढण्यासाठी सम स्थानांवरील पाच अंकांच्या बेरजेची तिप्पट करावी, तीत विषम स्थानांवरील पहिल्या पाच अंकांची बेरीज मिळवावी, आणि पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो अंक घ्यावा. १०१५०५१२३४ घेतल्यास सम स्थानांची बेरीज १६, तिची तिप्पट ४८, विषम स्थानांची बेरीज ६, एकूण ५४, आणि म्हणून शेवटचा अंक ६. दहाही वाघिणींवर वेगळे आणि पडताळून निघणारे क्रमांक असले, तर जाणकार थांबून वाचतो.

इंजिनाबद्दल आत्ता थोडेच लिहितो, कारण आपल्याकडील मॉडेल नेमके कोणते ते प्रश्नात आलेले नाही. डब्ल्यूडीएम-२ हे अल्को घराण्याचे, बफरसह १७१२० मिमी, म्हणजे एचओत सुमारे १९७ मिमी लांबीचे इंजिन आहे. तीन आसांची ट्रायमाउंट बोगी ही त्याची मोठी ओळख आहे, कारण तीन आसांमधील दोन अंतरे तीत असमान असतात. आपल्या इंजिनाखाली समान अंतराची बोगी असेल, तर वरचे हूड (यंत्रावरचे झाकण) कितीही चांगले बनवले तरी ते डब्ल्यूडीएम-२ वाटणार नाही. तसेच जम्बो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तुकडीचे लहान हूड पूर्ण रुंदीचे असते, म्हणून क्रमांक निवडताना त्याच क्रमांकाच्या इंजिनाचे छायाचित्र हाताशी ठेवावे. त्यानंतरच हेडस्टॉकवरचे बाजूचे बफर, चालपट्टीच्या कडेचे कठडे आणि रेडिएटरच्या जाळ्या या क्रमाने काम हाती घ्यावे. पुढच्या दिव्यांसाठी एलईडी लावणार असाल, तर १२ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर पुरतो.

आपल्या इंजिनाच्या दोन बोगींच्या केंद्रांतील अंतर, एका बोगीतील तिन्ही आसांमधील दोन अंतरे, चाकांचा व्यास आणि कपलरच्या मध्याची रुळांपासूनची उंची, ही मापे कॅलिपरने घेऊन कळवावीत. ती आली की हे मॉडेल डब्ल्यूडीएम-२ साठी वापरावे की डब्ल्यूडीजी-४ साठी, हे निश्चित सांगता येईल. तोपर्यंत एकच वाघीण, बोगीपासून सुरुवात करून, पूर्ण करावी आणि ती रुळांवर चालवून पाहिल्यावरच उरलेल्या नऊ वाघिणींची शीट कापावी.